पाणसळकाकांची मान

बुधवारी सकाळी पाणसळकाकांची मान डावीकडे कलली आणि तिथेच अडकली. नेहमीप्रमाणे कान आणि खांद्याच्या चिमटीत मोबाइल धरून ते एका गिऱ्हाइकाशी बोलत होते, दोन्ही हातांनी काच कापत होते, आणि बोलणं संपल्यावर मान वर करायला गेले तर ती येईना. मोबाइल निसटून लाकडाच्या भुशात पडला, त्यातून गिऱ्हाईक "हॅलो, हॅलो" करत राहिलं, आणि काका समोरच्या घड्याळाकडे तिरके बघत उभे राहिले.

काकांचं फ्रेमचं दुकान होतं. फ्रेम करून द्यायची आणि जाऊन भिंतीवर लावूनही द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. पाणसळ म्हणजे गवंडी आणि सुतार वापरतात ती बुडबुड्याची पट्टी. टेकवली की कळतं, काम सरळ आहे की नाही. काकांनी ती जन्मात हाती धरली नव्हती. दोन पावलं मागे जायचं, एक डोळा मिटायचा, "हं" म्हणायचं, झालं काम. नंतर कोणी खात्री करायला पाणसळ लावलीच, तर बुडबुडा मुकाट्यानं मधोमध येऊन बसायचा. म्हणून लोकांनी काकांचंच नाव पाणसळ ठेवलं, आणि काकांनी ते कौतुकानं दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे प्रत्येक फ्रेमला दोन खिळे आणि मागून घट्ट आवळलेल्या पट्ट्या. "एका खिळ्यावरची फ्रेम कोणी दार आपटलं तरी रुसते," असं ते म्हणत. काकांनी लावलेली फ्रेम भूकंपात भिंतीसकट पडली असती, पण हलली नसती.

त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत, कारण निम्म्या वस्तीला त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यापासून बाई स्वतःची चित्रं काढत होत्या आणि ती कपाटामागे, पलंगाखाली, शिवणयंत्रावर बिनचौकटीची पडून होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काका सगळ्या जगाच्या चित्रांना चौकटी घालत होते आणि घरी आले की म्हणत होते, "तुझी पण करायची आहेत हं. एवढी गर्दी ओसरू दे." गर्दी काही ओसरली नाही. काका दुकानात जेवत, दुकानात डुलकी काढत, आणि घरी फक्त मोबाइल चार्ज करायला येत, असं बाई म्हणायच्या. शेवटी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. पहिलंच. येत्या रविवारी. तेव्हा कुठे काकांनी रात्रंदिवस बसून सगळ्या चौकटी केल्या, आणि शनिवारी सगळी चित्रं स्वतः लावून देतो, असा शब्द दिला. त्याच धांदलीत ही मान गेली.

बाईंनी त्यांना हाताला धरून फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याही बाईंच्याच जुन्या विद्यार्थिनी. डॉक्टरीणबाईंनी मान चाचपली आणि काकांना एका पायावर उभं राहायला सांगितलं. काका उभे राहिले, डावीकडे गेले, आणि कोपऱ्यातल्या हाडांच्या सापळ्याच्या गळ्यात पडले.

"काका, तुमचा तोल गेलाय," डॉक्टरीणबाई सापळा सोडवत म्हणाल्या.

"माझा? अगं पोरी, माझ्या तोलावर सगळ्या गावाच्या भिंती उभ्या आहेत."

"असतील. पण तुम्ही दिवसभर एकाच बाजूला वाकून बसता, उठत नाही, चालत नाही, आणि फोन मानेनं धरता. आठवडाभर दुकान बंद. शेक घ्या, सकाळ-संध्याकाळ बाईंबरोबर फिरायला जा. मान आपोआप सुटेल. आणि तोपर्यंत फ्रेमा लावू नका."

"मान अडकली आहे, हात नाही अडकले," असं म्हणून काका तिरके तिरके बाहेर पडले.

गुरुवारी दातांच्या डॉक्टरांकडे दोन चित्रं लावायची होती. काका गेले, दोन पावलं मागे आले, एक डोळा मिटला, "हं" म्हणाले. बाई काळजीपोटी बरोबर गेल्या होत्या. त्यांनी बघितलं तर दोन्ही चित्रं डावीकडे घसरायला निघालेली. चित्रातली होडी आता बुडते की मग, अशी अवस्था.

"अहो, वाकडी लागली आहेत," बाई हळूच म्हणाल्या.

"वाकडी? डॉक्टर, तुम्हीच सांगा."

दातांचे डॉक्टर आले. या गृहस्थांनी तीस वर्षं मान डावीकडे टाकून लोकांच्या जबड्यात बघितलं होतं. त्यांची मान आता जेवतानाही तशीच असे. त्यांनी चित्रं न्याहाळली आणि म्हणाले, "वा! दोरी लावल्यासारखी सरळ. आणि काय हो, तुम्ही आज एकदम ताठ दिसताय!"

काकांनी बाईंकडे बघितलं. मग घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते.

डॉक्टरांनी लगेच आपल्या मित्राला फोन केला. मित्र व्हायोलिनचे मास्तर. शुक्रवारी काकांनी त्यांच्या वर्गात जुन्या वादकांच्या तसबिरी लावल्या. आता व्हायोलिन हे डाव्या बाजूला, हनुवटीखाली धरायचं वाद्य. मास्तरांची मान डावीकडे, समोर बसलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या माना डावीकडे. कोणालाच काही खटकलं नाही. उलट मास्तर गहिवरून म्हणाले, "इतकी वर्षं या भिंतीवर काहीतरी चुकतंय असं वाटायचं. आज पहिल्यांदा सगळं जुळलं."

"ऐकलंस?" संध्याकाळी काका बाईंना म्हणाले. "दातांचे डॉक्टर म्हणतात सरळ, मास्तर म्हणतात सरळ. एकटी तू म्हणतेस वाकडं. तुझा चष्मा बदलायला झालाय."

"हो ना. नाचता येईना अंगण वाकडं," बाई म्हणाल्या. "उद्या माझी चित्रं तुम्ही लावू नका. मी सुताराला बोलावते, तो पट्टी घेऊन येईल."

काकांचा चेहरा एवढासा झाला. "बाहेरचा माणूस? तुझ्या चित्रांना?" बाईंना मग सुताराला फोन लावणं जमलं नाही.

शनिवारी काका सकाळपासून वाचनालयात एकटे राबले. बाईंना त्यांनी संध्याकाळी बोलावलं, दारातच थांबवलं, दिवे लावले, आणि म्हणाले, "आता ये."

बाई आत आल्या आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. निदान तसं त्यांना वाटलं, कारण चारही भिंतींवरची झाडून सगळी चित्रं एकाच बाजूला कलंडली होती. हेलकावणाऱ्या बोटीवर उभं राहावं तसं झालं. त्यांनी एक चौकट सरळ करून बघितली. ती जागची हलेना. दोन खिळे, मागून पट्ट्या. सगळं उपटायचं म्हटलं तर भिंतींची चाळण झाली असती, आणि ग्रंथपालांनी परवाच भिंती रंगवून घेतल्या होत्या. शिवाय प्रदर्शन सकाळी उघडायचं होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांच्याही आलं होतं. ते म्हणाले, "इतकी वर्षं लोकांच्या घरी खिळे ठोकले गं. आज एकेका खिळ्यासाठी दोनदा मागे जाऊन बघितलं. आपल्या माणसाचं काम म्हणजे किती जपावं लागतं! कशी लागली आहेत?"

बाईंनी त्या वाकड्या मानेकडे बघितलं. काकांच्या बोटांना दोन ठिकाणी चिकटपट्ट्या होत्या. बनियन घामानं भिजलं होतं. प्रदर्शनाची वाट बघत बाईंनी कितीतरी वर्षं काढली होती, आणि ते उद्या हसं होऊन संपणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"छान लागली आहेत," बाई म्हणाल्या.

रविवारी ग्रंथपालांनी फीत कापली आणि कात्री हातात घेऊनच त्या बाईंकडे आल्या. "बाई, ही चित्रं..."

बाईंनी पाठ ताठ केली. पाचवीच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा आपला जुना आवाज काढला आणि म्हणाल्या, "चित्र बघायची एक पद्धत असते. मान जरा डावीकडे. अजून. हं, आता बघा."

ग्रंथपाल त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांची मान बाईंच्या शब्दाबरोबर डावीकडे गेली. त्यांचं बघून मागच्यांनी केली, मागच्यांचं बघून दारातल्यांनी. बघता बघता खोलीभर माना कलल्या. आणि गंमत अशी की मान वाकडी करून उभ्या राहिलेल्या माणसाला लगेच पुढे जाता येत नाही. जो तो एकेका चित्रापाशी थबकू लागला. "या कलण्यात केवढा अर्थ आहे!" असंही कोणी म्हणालं. दातांचे डॉक्टर आणि व्हायोलिन मास्तर तेवढे काही खास न करता आरामात फिरत होते.

काका कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बघत होते. सगळी चित्रं सरळ, सगळी माणसं सरळ. एकच गोष्ट त्यांच्या नजरेला खुपत होती. ते बाईंजवळ गेले.

"अगं, तू एवढी वाकडी का उभी आहेस? पाठ दुखतेय का?"

तेवढ्यात ग्रंथपाल येऊन म्हणाल्या, "काका, सगळी चित्रं इतकी तिरकी लावायची कल्पना तुमची की बाईंची?"

"तिरकी?" काका म्हणाले, आणि एवढ्या जोरात वळले की कट्कन आवाज झाला. ग्रंथपालांना वाटलं, खुर्ची मोडली. खुर्ची नव्हती. बुधवारपासून अडकलेली मान सुटली होती, आणि काकांना पहिल्यांदाच ती खोली दिसली.

चहाचा कप त्यांनी जवळच्या खुर्चीवर ठेवला. बराच वेळ त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तू काल बघितलंस?"

"बघितलं."

"मग बोलली का नाहीस? तुझं पहिलं प्रदर्शन! मी वाटोळं केलं त्याचं!"

"तुम्ही इतके खूश होतात," बाई म्हणाल्या. "आणि हळू बोला. लोक बघताहेत ना, नीट बघताहेत."

त्यानंतर दिवसभर कोणी पाठ थोपटली की काका जमिनीकडे बघत.

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ग्रंथपाल, पोस्टातल्या बाई, पेपरवाले, चाळीस जण तरी डावीकडे मान टाकून बाकांवर बसले होते. कालचं प्रदर्शन सगळ्यांनी अगदी मन लावून बघितलं होतं.

काका हात जोडूनच आत शिरले. "पोरी, चूक झाली. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. दुकान महिनाभर बंद ठेवतो, पण या लोकांना सरळ कर."

"करते. पण एकेकाची मान कधी दाबत बसू?" डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या खोलीच्या रिकाम्या भिंती दाखवल्या. "बाईंची चित्रं इथे आणा. आणि काका, यावेळी उजवीकडे कलती लावा. वाट बघता बघता निम्म्यांच्या माना इथेच सुटतील. मग प्रदर्शन इथून हलवायचं नाही हं. लोकांना गरज आहे तोवर राहू दे."

सकाळभर वाचनालयातली चित्रं काढून आणि तिथल्या भिंतींतली भोकं बुजवून काका दुपारच्या सुट्टीत रिकाम्या दवाखान्यात हातोडी घेऊन उभे राहिले. दोन पावलं मागे आले, एक डोळा मिटला, आणि "हं" म्हणाले. चित्र तंतोतंत सरळ लागलं होतं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा सरळ. सरळ मानेनं वाकडं लावणं त्यांना काही केल्या जमेना.

"मला नाही येत गं हे," ते हताश होऊन म्हणाले.

बाई मागे बाकावर बसल्या होत्या. "उजवी बाजू खाली घ्या. अजून. अहो, अजून."

"एवढं वाकडं?"

"इतकी वर्षं तुमचं सरळ ऐकलं ना मी? आता माझं वाकडं ऐका."

काकांनी ऐकलं. खिळे ठोकले, पट्ट्या आवळल्या, आणि सवयीनं मागे आले. आता कडा बघायचं काम बाईंकडे गेलं होतं, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांना दुसरा उद्योग उरला नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची नजर चौकटीच्या आत गेली. चित्रात एक जेवणाचं टेबल होतं. खिडकीतून ऊन आलेलं, टेबलावर दोन ताटं, दोन खुर्च्या, अलीकडच्या खुर्चीवर बाईंची शाल.

"हे आपलं स्वयंपाकघर," काका म्हणाले.

"हो."

"ही पलीकडची खुर्ची रिकामी का?"

"समोर बघून काढलंय," बाई म्हणाल्या. "जे होतं ते काढलं."

काकांनी हातोडी खाली ठेवली आणि ते बाईंच्या शेजारी बाकावर येऊन बसले. त्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी मान उजवीकडे कलती केली. उजवीकडे बाईंचा खांदा होता.

"अहो, अजून सगळी भिंत राहिलीय," बाई म्हणाल्या.

"राहू दे," काका म्हणाले. "हे एक तरी नीट बघू दे मला."