कोच ग्रेडींचा सत्कार

"हॉल गेला," फोन ठेवत गिरिजा नवऱ्याला म्हणाली, आणि नरेंद्रच्या हातातला पोह्यांचा चमचा हातातच राहिला.

टेक्सासातल्या अर्विंगमधला तो हॉल मराठी मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमासाठी जूनमध्येच ठरवला होता. मालकानं तो त्याच तारखेला एका लग्नालाही देऊन टाकला होता. कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता, नाटक बसून तयार होतं, जेवण सांगून झालं होतं. मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबककाका पुण्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन जवळच्याच प्लेनोला मुलाकडे आले होते. त्यांचा फोन लगेच आला.

"नरेंद्र, तुझ्या कॉलेजात जिम आहे ना रे? भलीमोठी?"

जिम होती. नरेंद्र तासाभराच्या अंतरावरच्या सीडर फोर्क नावाच्या छोट्या कॉलेजात गणित शिकवायचा, आणि जिमच्या किल्ल्या अमेरिकन फुटबॉलचे हेड कोच वॉल्ट ग्रेडी यांच्याकडे असायच्या.

टीव्हीवर दिसणारे कोच कानाला हेडफोन लावून ओरडतात आणि लाखो डॉलर मिळवतात. छोट्या कॉलेजातला हेड कोच हा वेगळाच प्राणी. ग्रेडी स्वतः मैदानावरचं गवत कापत, त्यावर चुन्याच्या रेघा मारत, खेळाडूंचे घामट शर्ट मशीनमध्ये धूत, सकाळी आरोग्यशिक्षणाचा तास घेत, ड्रायव्हर आला नाही तर बस चालवत आणि हिवाळाभर गावोगावच्या शाळांत जाऊन खेळायला मुलं मागत. या सगळ्यात जिंकायचं तेवढं राहून जाई. दर नोव्हेंबरला त्यांना काढायची चर्चा होई आणि दर नोव्हेंबरला ते टिकत, कारण कॉलेजचे प्रेसिडेंट डॉ. व्हिटकम यांना कुणाच्याही तोंडावर वाईट बोलणं जमत नसे. एकदा त्यांनी माळ्याला काढायचं ठरवलं होतं. तो माळी अजून होता, आणि आता त्याच्या हाताखाली मदतनीसही होता.

"किल्ल्या घे, डॉक," कोच म्हणाले; डॉक्टरेटवाल्या नरेंद्रला ते असंच म्हणत. "भाडं नको. फक्त लाकडी फ्लोअर आहे, बूट काढून या."

"कोच, ते आम्हाला सांगावं लागत नाही," नरेंद्र म्हणाला. "मार्लीन कशा आहेत?"

कोचनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला. त्यांच्या बायकोला कॅन्सर होता. "बरी होतेय. ट्रीटमेंट मेपर्यंत चालेल. इन्शुरन्स कॉलेजचा आहे, म्हणून मेपर्यंत मला इथंच असायला हवं. व्हिटकम बोलायला घाबरतो ना, त्यावर आमचं चाललंय बघ."

भाडं नको म्हटल्यावर मंडळाची पंचाईत झाली. फुकट घेतलेल्या उपकाराची फेड मंडळाला एकाच प्रकारे माहीत होती.

"सत्कार करू त्यांचा," त्र्यंबककाका म्हणाले. "शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. आणि अध्यक्षस्थानी तुझे प्रेसिडेंट."

"कशाबद्दल सत्कार, काका?"

"कशाबद्दल म्हणजे? चांगला माणूस आहे म्हणून! आमच्या खात्यात मी नुसता बदलीवर आलो तरी सत्कार झालेत माझे."

नरेंद्रनं तिथंच थांबवायला हवं होतं. पण त्याची ग्रीन कार्डाची फाइल प्रेसिडेंटच्या सहीसाठी पडून होती. एका स्टेजवर, चार माणसांत, आपण त्यांच्या शेजारी बसलेलं बरं, असा विचार त्याच्या मनात आला. हिशेबी माणसाला गणिताचा प्राध्यापक करू नये.

कार्यक्रम झकास झाला. नाटकात नायकाची मिशी दोनदा पडली आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग कोच ग्रेडींना स्टेजवर बोलावून गिरिजानं कुंकू लावलं, काकांनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइक धरला. काकांचं इंग्रजी पाटबंधारे खात्यातलं होतं, खळखळ वाहणारं. तरुण पिढी घडवण्यासाठी कोचनी वेचलेली वर्षं, त्यांचा त्याग, त्यांची साधी राहणी, कॉलेज त्यांना कधीही विसरणार नाही, उर्वरित आयुष्य त्यांना व सौभाग्यवतींना सुखासमाधानाचं जावो. सगळं कसं नेहमीचं.

पण अमेरिकेत सोमवारी कामावर येणाऱ्या माणसाबद्दल कुणी इतकं चांगलं बोलत नाही. कोचचा चेहरा हळूहळू उतरत गेला. नारळ छातीशी धरून ते नरेंद्रच्या कानाशी वाकले.

"डॉक, तुला काही कळलंय का? मला काढलं का?"

"छे हो, कोच! ही आमची पद्धत आहे."

"काढायच्या आधीची?"

पहिल्या रांगेत मार्लीन डोक्याचा रुमाल सावरत रडत होती. हे आनंदाश्रू समजून मंडळाच्या बायकांनी तिला घेरलं आणि तिची ओटी भरली.

मग अध्यक्षीय भाषणासाठी डॉ. व्हिटकम उभे राहिले. जे वाक्य त्यांच्या घशात कित्येक नोव्हेंबर अडकून बसलं होतं, त्याला आज वाट मिळाली होती. त्यांचा आवाजसुद्धा मोकळा झाला होता.

"कोच ग्रेडींचे आम्ही सदैव ऋणी आहोत. त्यांच्या पुढच्या वाटचालीला माझ्या मनापासून शुभेच्छा!"

सगळ्यांत मोठी टाळी त्र्यंबककाकांची होती.

गावच्या साप्ताहिकात शाल पांघरलेल्या कोचचा फोटो आला, वर मथळा, 'कोच ग्रेडींना भावपूर्ण निरोप'. तिकडे कुणाच्या घरी दुःख झालं की देतात तशी, ग्रेडींच्या दारात शेजारणींनी झाकून ठेवलेली जेवणाची भांडी जमू लागली. कोचच्या जागेसाठी अर्जही येऊ लागले. नरेंद्र धावत प्रेसिडेंटच्या ऑफिसात गेला.

"सर, तो नुसता सत्कार होता. कोच कुठंही जात नाहीयेत."

"काय सुंदर पद्धत आहे तुमची!" डॉ. व्हिटकम म्हणाले. "कुणी दुखावलं नाही. कुणी वाईट बोललं नाही. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नाही."

"पण त्यांना जायचं नाहीये, सर. त्यांच्या मिसेसची ट्रीटमेंट चालू आहे."

"मग ते स्टेजवर तसं बोलले असते."

हातात नारळ धरलेला माणूस काय बोलणार? नरेंद्र पुढे बोलला असता, पण टेबलाच्या कोपऱ्यावर त्याला स्वतःची फाइल दिसली, आणि तो "येतो सर" म्हणून उठला. त्याची त्याला फार लाज वाटली. बाहेर येऊन त्यानं काकांना फोन लावला.

"असं झालं होय!" काका हळहळले. "थांब, मी बोलतो त्यांच्याशी. शुद्धिपत्रक काढायला लावतो."

काका खरोखरच बोलले. पण कुणाशीही बोलायचं म्हणजे आधी त्याची स्तुती करायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. अर्धा तास त्यांनी व्हिटकमांच्या अध्यक्षीय भाषणाची स्तुती केली, पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं आणि मुद्दा विसरून फोन ठेवला.

आता आशा उरली होती ती शनिवारच्या, मोसमातल्या शेवटच्या मॅचची. पोरांनी कोचचा नारळ बाकावर मांडून ठेवला होता आणि मैदानात उतरताना जो तो त्याला हात लावून जात होता. ज्या टीमला सीडर फोर्कनं कधी हरवलं नव्हतं, त्या टीमला पोरांनी त्या दिवशी अक्षरशः लोळवलं. नरेंद्रला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो बाकावर चढून ओरडला, "आता काढून दाखवा म्हणावं!"

डॉ. व्हिटकम डोळे पुसत मैदानात आले आणि त्यांनी कोचला मिठी मारली.

"वॉल्ट, याहून चांगला शेवट कुणाच्या नशिबी असतो?"

डिसेंबर संपला तशी नोकरी संपली, आणि नोकरीबरोबर इन्शुरन्स. पार पश्चिम टेक्सासातल्या एका शाळेत ग्रेडींना मदतनीस कोच म्हणून काम मिळालं. पण तिथला इन्शुरन्स सुरू होईपर्यंत मार्लीनची ट्रीटमेंट बंद राहिली. निघायच्या दिवशी सामानाच्या ट्रकपाशी कोचनी नरेंद्रला विचारलं, "डॉक, या नारळाचं करायचं काय असतं?"

"फोडायचा, कोच. आणि खायचा."

"एवढंच?" कोच म्हणाले. त्यांनी तो शालीत गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवला. नरेंद्रला माफी मागायची होती. पण तो "जपून ड्राइव्ह करा" एवढंच म्हणाला. उन्हाळ्यात मार्लीन गेल्याचं कळलं. गिरिजा दोन दिवस नीट जेवली नाही.

पुढच्या शरद ऋतूत शेअर बाजार कोसळला. कॉलेजात मुलं कमी आली, माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. नरेंद्रची फाइल अजून त्याच टेबलावर होती. पण तो घाबरला नाही.

"व्हिटकम कुणाला काढतोय?" तो गिरिजाला सांगे. "त्याला बोलायचीच भीती वाटते."

डिसेंबरातल्या एका सकाळी गिरिजानं फोन ठेवला. ती अगदी खुशीत होती.

"तुझ्या प्रेसिडेंटचा फोन होता. किती गोड बोलतात रे! अर्विंगमध्ये शाली कुठं मिळतात विचारत होते."

नरेंद्रचा पोह्यांचा चमचा अर्ध्यावर थांबला. "शाली? किती?"

"आठ-नऊ म्हणाले. आणि तेवढेच नारळ. शुक्रवारी जिममध्ये छोटासा कार्यक्रम आहे, दोघांनी नक्की या म्हणाले. आपल्याला पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवल्यात." ती कपाटाकडे वळली. "ऐक ना, मी ती मोरपंखी पैठणी नेसू का?"