दहाच्या आत

रविवार, बारा नोव्हेंबर, सकाळचे साडेसहा. धुक्यातून मोजपट्टीची पिवळी जीभ लांबत आली आणि माझ्या कुंपणाला टेकली. तिच्यामागून लेले उगवले.

"केळकर, तुमचं त्सुबाकीच्या झाडांचं कुंपण हातभर खाली आणा. नव्या खिडकीतून डोंगर दिसत नाही."

"कळ्या धरल्या आहेत. फुले होऊन जाऊ द्या, मग बघू."

"त्याआधी मीना राहायला आली तर?"

"येते म्हणाली?"

"दर रविवारी फोनवर विचारते, 'बाबा, जागा आहे का?' आणखी काय म्हणायला हवं तिनं?"

पट्टी सर्रकन आत गेली. पाठोपाठ लेलेही धुक्यात विरघळले.

क्योतोच्या एका संशोधनसंस्थेत आम्ही सारी नोकरी शेजारच्या टेबलांवर केली. निवृत्तीनंतर शहराच्या कडेला शेजारच्या घरांत आलो. मीना ही लेल्यांची एकुलती मुलगी. ती कावासाकीत नोकरी करते. तिच्या जुन्या खोलीत आता तिच्या आईचा, मिचिकोवहिनींचा, हातमाग आहे. वहिनी गेल्या, माग अर्ध्या विणलेल्या पट्ट्यासह तसाच उभा आहे. तो हलवण्याची सूचना मी एकदाच केली होती.

घराला लागून दहा चौरस मीटरच्या आत बांधकाम वाढवायचे असेल, आणि वस्ती आगीच्या निर्बंधांच्या पट्ट्यात नसेल, तर आमच्याकडे आधी परवानगी काढावी लागत नाही. बांधकामाचे बाकी नियम मात्र पाळावेच लागतात. हे कळल्यावर लेल्यांनी मीनासाठी नवी खोली काढली, आणि तेव्हापासून आपले आयुष्य दहाच्या आत बसवले. लाडू पुढे केले की, "दहाच्या आत आहेत ना?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तरी तेच. क्षेत्रफळ भिंतीच्या मध्यापासून मोजतात हे समजले, तेव्हा ते फाटकातूनच म्हणाले, "केळकर, बाहेरची अर्धी भिंत फुकट!" सहा तातामींची, म्हणजे सहा गवती चटयांची, खोली दहाच्या जेमतेम आत बसते, यात त्यांना सरकारचा घरगुती जिव्हाळा दिसे. नगरपालिकेतला कारकून त्यांना पाहताच उभा राहून वाके. लेले त्याला आदर समजत. मांजरासाठी ठेवलेले भोक क्षेत्रफळात धरतात का, हे त्यांनी त्याला दोनदा विचारले होते. त्यांच्याकडे मांजर नाही.

त्या दुपारी मीनाचा फोन माझ्याकडे आला.

"केळकरकाका, बाबा फोन घेत नाही. जागा आहे का?"

मी तो प्रश्न मनात पुन्हा म्हणून पाहिला. जपानी क्रियापद तू आणि तो असा भेद करत नाही. मीनाचे मराठीही करत नाही. 'आहेस' तिच्या तोंडी मी कधी ऐकलेले नाही. ती दर रविवारी वडील जागे आहेत की जेवून झोपले, एवढेच विचारत होती.

"पाहतो," मी म्हणालो.

लेले नव्या खोलीत, नव्या तातामीवर, उशीऐवजी हात घेऊन झोपले होते. खोलीला कोवळ्या गवताचा वास होता. पडदे नव्हते. पातळ ऊन त्यांच्या अंगावरून पाण्यासारखे सरकत होते. भिंतीही त्याबरोबर किंचित हलल्यासारख्या वाटत होत्या. मी दारातच थांबलो. असल्या गोष्टी सांगण्याची मला सवय नाही. मी खाकरलो.

"लेले, मीना 'जागा आहेस का' असं विचारते. राहायला जागा आहे का, असं नव्हे."

"ठाऊक आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "तिला मराठी मीच शिकवलं. चुकांसकट."

"मग ही खोली?"

"ती विचारते, केळकर. चुकून का होईना. घरात जागा नव्हती, आणि मी आपला दर वेळी 'आहे, आहे' म्हणायचो. खोटं बोलल्यासारखं वाटे."

उशाशी फोन वाजला. त्यांनी उठून बसत कानाला लावला. तिकडचा प्रश्न मला ऐकू आला नाही. ऐकण्याची गरजही नव्हती. लेल्यांनी चारही भिंतींकडे पाहिले, मग खिडकीकडे. खिडकीत माझे कुंपण होते.

"आहे," ते म्हणाले. आणि थोडे थांबून, "सहा तातामींची."

लेले फोन कानाशी धरून बसून राहिले. मी दार लोटले.

घरी येऊन कात्रीला धार लावली. उजेड होता तोवर कुंपण हातभर खाली आणले, आणि कळ्यांसकट फांद्यांच्या जुड्या बांधून मंगळवारच्या कचऱ्यासाठी फाटकाच्या आत रचून ठेवल्या.