आक्कासाहेबांच्या अडत्या बंदुकीची हकिकत

श्रीकुलस्वामिनीने ऐकणाराचे कान आणि सांगणाराची जीभ, दोन्ही पदराखाली घ्यावी. शके अठराशे शेचाळीस, रक्ताक्षी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, घाटमाथ्याचे एका लहानशा राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

महाराज कैलासवासी जाहले, पोटी संतान नाही, म्हणोन राणीसाहेब राज्य चालवीत होत्या, त्यांस अवघा मुलूख आक्कासाहेब म्हणे. त्यांचा नेम असा की उडते पाखरू पाडावे. परंतु मागील साली घोडीवरून पडोन उजवा खांदा मोडला, वैद्यांनी बसविला तो बसला, पहिल्यासारखा जाहला नाही. जुन्या बंदुकीस दर बारास खिट्टी ओढोन नवे काडतूस भरावे लागे, आणि ते त्या खांद्याने होईना. एक बार उडवावा आणि बंदूक खाली ठेवावी, ऐसे जाहले. तशात घाटाखाली बिबट्या माजला. आधी शेळ्या नेल्या, मग कुत्री नेली, मग चिमाबाई धनगरीण गवत कापावयास गेली ती परतली नाही. तिचा नवरा बाळाप्पा वाड्यावर आला, बायकोचा विळा पायरीवर ठेविला आणि बसोन राहिला. आक्कासाहेब बाहेर आल्या, विळा पाहिला, आणि म्हणाल्या, "महाराज असते तर आज निघाले असते. मीही निघेन. मला दोन बार उडवील अशी बंदूक आणा."

हे काम सिलेखान्याचे, म्हणजे हत्यारांचे कोठीचे, दारोगा आवजी खराडे यांचेकडे आले. आवजी महाराजांचे वेळचे, साठी उलटलेली, तोंडाने फटकळ, आणि आक्कासाहेबांवर लेकीसारखी माया. त्यांणी विलायतेस परत निघालेल्या एका जंगलसाहेबाची जुनी बंदूक विकत घेतली. तिची करामत अशी की बार उडताच नळी आपणच मागे सरे, आत पोलादी वेटोळ्याची कमान दाबली जाय, रिकामे काडतूस बाहेर फेकिले जाय आणि पोटाखालील काडतुसांचे पेटीतले दुसरे आपणच वर येई. माणसाने फक्त चाप ओढावा. आवजीने माळावर नेऊन पेटी रिकामी केली, एकदाही अडली नाही. मग हर्ष पावोन वाड्यावर आणिली, आणि आक्कासाहेबांनी पहिला बार उडविला, मडके फुटले, आणि रिकामे काडतूस बंदुकीचे खिडकीत निम्मे आत निम्मे बाहेर अडकोन उभे राहिले, जसा दारात अडलेला जावई. काढिले, पुन्हा उडविला, पुन्हा अडली. कारभारी नरसोपंत म्हणाले, "परक्याचे हत्यार आहे, शांत करावी." आवजी म्हणाले, "पंत, शांत आपण व्हावे. मी पाहतो."

मग आवजी सिलेखान्यात बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाचा आला ते कळत नाही, ही त्यांची रीत. प्रथम काडतुसे सर्दावली म्हणोन नवी आणविली, अडली. मग पेटीची कमान मऊ पडली म्हणोन ताणाची घातली, अडली. मग रिकामे काडतूस ओढोन काढणारी नखी काजळीने भरली होती ती कोरोन काढिली. तरीही आक्कासाहेबांचे हाती अडली. आणि दर वेळी माळावर आवजीचे हाती मात्र सुरळीत चाले. तेव्हा कारण काय ते आवजीचे मनी आले, आणि आले तसे त्यांणी दडविले. आक्कासाहेबांस काय सांगावे? खांदा मोडला तेव्हा त्या माउलीने हूं की चूं केले नाही, आणि आज बंदुकीचे निमित्ताने तोच खांदा उणा म्हणावा, हे त्यांचे जिभेवर येईना. म्हणोन नित्य नवी खोड काढीत, काडतुसांस शिव्या देत, करणाराचे सात पिढ्यांचा उद्धार करीत.

परंतु आक्कासाहेब काय दुधखुळ्या होत्या? एके सकाळी सिलेखान्यात येऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आवजी, ही बंदूक तुमचे हाती चालते, माझे हाती अडते. तिला माणसे ओळखू येतात काय?"

"जुनी आहे, आक्कासाहेब. लहरी आहे."

"लहरी तुम्ही आहात. खरे सांगा."

आवजीने मान खाली घातली आणि म्हणाले, "नळीने मागे यावे तर पाठीमागे काही घट्ट पाहिजे. आपला खांदा बाराबरोबर मागे जातो. धक्का सारा खांदाच खातो, बंदुकीस उरत नाही." इतके बोलोन त्यांचे डोळे भरले.

आक्कासाहेबांनी आपला खांदा चाचपला आणि हसू लागल्या. "एवढेच? आणि इतके दिवस त्या गरीब काडतुसांस शिव्या घातल्यात? बरे, खांदा तर बदलता येत नाही. आता उरले ते पाहा."

त्या हसण्याने आवजीचे मन मोकळे जाहले, आणि मोकळ्या मनाने पाहता ध्यानी आले की बंदूक निरोगी असती तर एवढ्या धक्क्यावरही चालली असती. मग धक्का जातो कोठे? म्हणोन नळीवरचे कवच, जे आजवर उघडिले नव्हते, ते उघडिले. आत जंगलसाहेबाचे वेळचे वंगण वाळोन लाखेसारखे बसलेले! धट्ट्याकट्ट्या माणसाचे हाती नळी त्यातून रेटोन निघे, दुखऱ्या खांद्यापुढे तेथेच रुतोन बसे. आवजीने घासलेटात भिजवोन, चिंधीने घासोन, ती लाख सोडविली, आणि आक्कासाहेबांचे शिवणयंत्राचे तेल मागोन आणोन बोटभर चोपडिले. मग बंदूक आक्कासाहेबांचे हाती चालू लागली. तरीही मध्येच एखादा बार अडे. आणि बिबट्या समोर असता तो एखादा बार कोणता, हे कोणी सांगावे?

तेव्हा आक्कासाहेब म्हणाल्या, "खांदा मागे जातो, तर मागे भिंत पाहिजे. आवजी, तुमची पाठ कशी आहे?"

नरसोपंत कानांवर हात ठेवोन म्हणाले, "गादीवरील माणसाने चाकराचे पाठीस पाठ लावोन बसावे, हे दप्तरी लिहावे कसे?" आक्कासाहेब म्हणाल्या, "लिहू नका."

मग ओढ्याकाठी बोकड बांधिला, दगडांचा आडोसा केला, आणि दुपार कलता दोघे पाठीस पाठ लावोन बसली. आक्कासाहेबांचे तोंड ओढ्याकडे, आवजीचे तोंड डोंगराकडे. आवजीस दिसावी एक करवंदीची जाळी आणि तिजवरचा सरडा, दुसरे काही नाही. ऊन पिवळे पडले, बोकड ओरडायचा थांबला, आणि आक्कासाहेबांचा श्वास पाठीतून कळत होता तो कळेनासा जाहला. मग बार उडाला. धक्का आवजीचे मणक्यांत बसला, त्यांणी टाचा जमिनीत रोविल्या, आणि त्याच पाठीतून लोखंड मागे गेल्याचा आणि पुढे आल्याचा खडखडाट कळला, आणि ऊन ऊन काडतूस येऊन मांडीशी पडले. परंतु पाठीमागे बिबट्याची डरकाळी उठली आणि ती जवळ येऊ लागली. वळोन पाहावे तर आक्कासाहेबांचा आधार सुटतो. न वळावे तर मरण कोठवर आले तेही कळत नाही. आवजीने सरड्यावर डोळे रोविले, दात आवळिले, आणि पाठ जशी होती तशी ठेविली. दुसरा बार उडाला. मग काही नाही. मग वारा.

"आवजी, जिवंत आहात?"

"पाठ जिवंत आहे. पुढचे आपण सांगावे."

"पडला. काठीचे अंतरावर पडला." आणि आक्कासाहेबांस कापरे भरले, ते आवजीस पाठीतून कळले, आणि ते थांबेतो कोणीच वळोन पाहिले नाही.

मग आवजी उठावयास गेले तो कंबर धरलेली, उठवेना. आक्कासाहेबांनी धड होता तो डावा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "चला, दोघांत मिळोन एक माणूस तर भरतो." ऐसे एकमेकांस सावरीत ओढा उतरोन आले, आणि बाळाप्पा धनगर वाटेवर उभा होता, तो आक्कासाहेबांचे पायी न पडता बसला आणि पोटभर रडला, आणि आक्कासाहेब त्याचे शेजारी मातीत बसल्या.

इतके वर्तमान. बंदुकीचे दुखणे निम्मे वंगणाचे होते आणि निम्मे आधाराचे. दोन्हींचा उपाय जाहला, मुलूख निर्धास्त झोपला.