नदीकाठची तोंडी परीक्षा

आमच्या फिजीतल्या, सुवा शहराच्या विद्यापीठात भूगोलाची पीएचडी सुधारली ती मी! विचारा कुणालाही!

पूर्वी पोरं चार-चार वर्षं नदीत राबायची आणि तोंडी परीक्षा घ्यायचे एसीत बसलेले तिघं, नदी फक्त नकाशात पाहिलेले. मी नियमच आणला: ज्या गावाचा अभ्यास, तिथेच परीक्षा, आणि प्रश्न गावकरीही विचारणार! कुलसचिव म्हणाले, "एक घेऊन दाखवा. फसली, तर पोरगीही नापास आणि नियमही रद्द."

पोरगी म्हणजे माझी विद्यार्थिनी सलानिएता. विषय नदीचे पूर. आम्ही रीतीप्रमाणे गावाला यंगोनाची मुळं दिली, ती कुटून केलेल्या पेयाच्या वाट्या फिरल्या. ब्रिस्बेनच्या परीक्षक मॉरीनबाई चटईवर पेन सरसावून बसल्या.

पहिला प्रश्न आपेनिसा आजोबांचा. "काय गं ए खेकडेखाऊ! तुमच्या बेटावर धड ओढा नाही, तू आम्हाला नदी सांगणार?"

"बेडकांना शिकवायलाच आलेय, मेल्या थेरड्या!"

बाईंचं पेन थांबलं. मी कपाळावर हात मारला! तिचं बेट आणि हे गाव एकमेकांचे तौवू. मूळपुरुष एकच, म्हणून शिव्या देणं हा पिढीजात हक्क. गोड बोललात तर अपमान! आणि हे मी, फिजीचा भूगोल शिकवणारा, साफ विसरलो होतो!

"प्रोफेसर, ही गैरवर्तणूक आहे. मला नोंदवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, हे प्रेम आहे!"

"हे?"

तेवढ्यात आजोबांनी सलानिएताचा प्रबंधच हिसकावला आणि नकाशा उघडला. "माझ्या लहानपणीचा पूर कुठवर आला होता? बोल, चोरटे!"

तिनं बोट ठेवलं. "इथवर. शेवटचं घर गेलं ते तुमचं. त्याचे खांब सापडलेत मला."

आजोबा डोळे पुसत म्हणाले, "हरामखोर! माझ्या बापाचं घर शोधलंस गं!"

सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. बाईंना एकदम उमगलं, आणि त्यांनी तिथल्या तिथं लिहिलं: उत्तीर्ण, एकही दुरुस्ती नाही! मला तर आनंदानं रडूच आलं. जिंकलो!

"मास्तर," आजोबा माझ्याकडे वळून फार आदरानं म्हणाले, "आपणही याच नदीवर डॉक्टर झालात म्हणे. मग दोन प्रश्न विचारू?"

दोनच विचारले. बाईंनी तेही लिहून घेतलं.

नियम कायम झाला! कुलसचिव इतके खूश, की जुन्या डॉक्टरांनाही लावला. मी मार्चमध्ये पुन्हा बसतोय. मार्गदर्शक: डॉ. सलानिएता.