हकीकत टॅमरॅकच्या गादीची आणि गुरुनाथरावांच्या अनुमोदनाची

श्री गजानन प्रसन्न. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सर, माघ वद्य पक्ष, इंग्रजी सन दोन हजार सात, फेब्रुवारीचा पहिला सोमवार. ते दिवशी कसबे टॅमरॅक, परगणे ॲन आर्बर, सुभा मिशिगन येथे राज्य उलथण्याचा जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत महाराष्ट्र मंडळाच्या हरएक पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या पंगतीत, हरएक जण निराळी सांगतो. कोणी म्हणतो गुरुनाथरावांनी राज्य बुडविले, कोणी म्हणतो तारिले, आणि दोघेही तिसऱ्या वाटीचे श्रीखंड घेता घेता सांगतात, सबब भरवसा धरवत नाही. याकरिता गुरुनाथरावांचे कुटुंब सौभाग्यवती सुवर्णाबाईसाहेब टिपणीस यांची आज्ञा जाहली की जे घडले ते लिहावे, पदरचे घालू नये, आणि आमच्या घरच्यांची चूक जाहली ती तर मुळीच वगळू नये. आज्ञेप्रमाणे लिहिले. सावधचित्त होऊन परिसावे.

टॅमरॅक हे कसबे लहान. एक हमरस्ता, दोन सिग्नल, एक ग्रंथालय, आणि ॲन आर्बरास जाणारी एक बस, ती तासाला एक, बर्फ पडल्यास देवाच्या मर्जीने. येथील राज्याची घडी ऐसी की पाच असामींची कौन्सिल, त्यांत एक मेयर, तो गादीचा धनी. त्याने फीत कापावी, चार जुलैच्या मिरवणुकीत उघड्या मोटारीतून हात हलवावा आणि सभेत हातोडा आपटावा. परंतु शिक्का, नळ, गटारे, रस्ते, बर्फ आणि मोकाट कुत्री हा सारा कारभार कौन्सिलने नेमलेल्या सिटी मॅनेजरच्या हाती. साताऱ्यास गादी आणि पुण्यास कारभार हे ज्यास ठाऊक, त्यास अधिक समजावणे नलगे. भेद इतुकाच की येथे सातारा आणि पुणे एकाच इमारतीत, आणि मध्ये कॉफीचे यंत्र.

गादीवर राजश्री डग व्हिटेकर. नावावरून दक्षिणी वाटतात, परंतु नव्हेत, ओहायोकडील. टायरचे दुकान, आवाज मोठा, मन वाईट नव्हे. त्यांच्या चित्तात आले की चौकात चार तोंडांचे एक भारी घड्याळ उभारावे, आणि त्यांनी तसा हुकूम सोडला. कारभारी मार्लीनबाई कोवाल्स्की यांनी तो हुकूम दोन बोटांत धरून अर्ज करणेविषयी सुचविले, तीन प्रतींत, नकाशासह. मेयर यांस हे फार झोंबले. आपल्याच राज्यात धन्याने अर्ज करावा? मग त्यांनी मनसुबा केला की सिटी मॅनेजरचे पदच मोडावे, सारा कारभार मेयरच्या हाती घ्यावा, आणि तैसा ठराव कौन्सिलपुढे आणावा. मार्लीनबाई एकोणीस वर्षे कारभारावर. ठराव मंजूर होता तर महिनाअखेरीस त्यांनी आपली कुंडी आणि कॉफीचा मग घेऊन घरी जावे, ऐसा बेत.

आता गुरुनाथराव. मूळचे नागपूरकर, मोटारींचे ब्रेक करणाऱ्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षे इंजिनियर, निवृत्त होऊन सहा वर्षे कौन्सिलवर. मार्लीनबाईंचे त्यांजवर उपकार थोर. दोन वर्षांमागे पौषात, एका रविवारी भर दुपारी, सुवर्णाबाईंच्या छातीत कळ आली, आणि बाहेर कमरेइतका बर्फ, ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी अडकली. रावांनी भांबावून भलताच नंबर फिरविला, तो मार्लीनबाईंचा लागला. बाईंनी प्रश्न एकच केला, पत्ता कोणता. आणि अकरा मिनिटांत बर्फाचा नांगर, ज्यास येथे प्लाऊ म्हणतात, हत्तीसारखा फुत्कारत गल्लीत शिरला, त्यामागे ॲम्ब्युलन्स, आणि त्यामागे आपल्या जुन्या गाडीत खाशा मार्लीनबाई, पायांत घरच्या सपाता. ते विस्मरण कैसे व्हावे? म्हणोन ठरावाची कुणकुण लागताच राव शुक्रवारी बाईंच्या कचेरीत गेले आणि शब्द देऊन आले की माझ्या हाताने हे कदापि होणार नाही.

परंतु रावांच्या हातासच एक खोड होती, तिचे मूळ सांगणे अवश्य. अमेरिकेत येऊन दुसरेच वर्ष, महाराष्ट्र मंडळाची सभा, आणि राव धीर करून उभे राहिले आणि सूचना मांडते जाहले की संक्रांतीच्या भोजनास नागपुरी वडाभात असावा. सभेत पुणेकर मातब्बर, मुंबईकरही थोडथोडके नव्हेत. कोणी विरोध केला नाही. कोणी अनुमोदनही दिले नाही. राव उभे, आणि सभा आपापल्या नखांकडे पाहत, ऐसा जो काळ गेला तो रावांच्या हिशेबी अद्याप सरला नाही. ते दिवशी त्यांनी मनोमन शपथ वाहिली की आपण जेथे बसलो आहो तेथे उभ्या माणसास ऐसे लटकत ठेवणार नाही. तेव्हांपासून मंडळात कोणी काही मांडो, अक्षर पुरे होण्याआधी रावांचा हात वर. एके सभेत गणपती शनिवारी बसवावा यास अनुमोदन दिले, आणि त्याच सभेत रविवारी बसवावा यासही दिले. लोक हसत, परंतु रावांच्या शेजारी बसून सूचना मांडण्यास कोणी भीत नसे.

सोमवार उजाडला तो बर्फ घेऊन. सायंकाळी सातास दरबार भरला. उच्चासनी मेयर, उजवीकडे गुरुनाथराव, त्यांशेजारी हार्डवेअरच्या दुकानाचा धनी ब्रायन, जो सहा वर्षे डोळे मिटून रावांच्या मागे मत देई. डावीकडे डॉरिसबाई, वय वर्षे शहात्तर, विणकामाची पिशवी मांडीवर, सभेत कधी अवाक्षर न बोलणाऱ्या. त्यांच्यापलीकडील खुर्ची रिकामी. ती रिकची, मेयरच्या खास मसलतीतील. ठरावास अनुमोदन, ज्यास येथे सेकंड म्हणतात, त्यानेच द्यावयाचे ठरले होते, परंतु तो हायवेवर प्लाऊच्या मागे ताशी बारा मैलांच्या चालीने येत होता. भिंतीशी मार्लीनबाई, वही घेऊन. कोपऱ्यात केबलचा कॅमेरा, आणि घरोघरी रयत, बर्फामुळे दुसरे काही करण्याजोगे नसल्याने, टीव्हीपुढे.

मेयर उठले, घसा साफ केला आणि ठराव वाचला. मग म्हणाले, अनुमोदन?

कोणी बोलेना. ब्रायन कागद पाहू लागला. डॉरिसबाईंची सुई थबकली. घड्याळ सरकत होते, आणि कायदा ऐसा की अनुमोदन न मिळाल्यास ठराव जागीच मरतो. आणखी पाच पळे, आणि न लढता फत्ते. परंतु रावांस ठराव दिसेना. त्यांस दिसला तो उभा माणूस, हातात कागद, कानाच्या पाळ्या लाल होत चाललेल्या. तीच शांतता, तीच नखे. जन्मभर इतरांच्या मोटारी थांबविल्या, आपला हात थांबवता आला नाही.

"सेकंड," राव वदले.

सभा चकित. ब्रायनच्या हातून पेन गळाले. मार्लीनबाईंची लेखणी क्षणभर थांबली आणि मग तिने तोही शब्द नोंदला, कारण नोंदणे हे तिचे काम. मेयर यांचा आनंद मावेना. त्यांनी रावांकडे पाहून मान लवविली आणि रिक पोहोचेतो पाच मिनिटे सभा तहकूब केली.

तोच रावांच्या खिशात फोन थरथरला. सुवर्णाबाईसाहेब.

"अहो, टीव्हीवर बघतेय मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सेकंड केलंत?"

"सवयीनं गेला गं हात."

"सवयीनं. तिनं माझ्यासाठी चपला घालायलासुद्धा वेळ लावला नाही, आणि तुम्ही सवयीनं तिची नोकरी घालवताय. आता निस्तरा. निस्तरल्याशिवाय ड्राइव्ह करून घरी यायचं नाही."

राव काळवंडून कॉफीच्या यंत्राशी गेले. तेथे मार्लीनबाई उभ्या. बाईंनी एक पेला भरून त्यांच्या हाती दिला आणि सांगितले की आज तुमच्या गल्लीत प्लाऊ साडेआठास येईल, गाडी रस्त्यावर ठेवू नये. इतुकेच. यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर रावांस पचत्या. मागाहून ब्रायन येऊन सांगता जाहला की गुरू, तुम्ही सेकंड केलेत म्हणजे काही विचार असेल, तर माझे मत ठरावास. यावर रावांच्या हातची कॉफी सदऱ्यावर आली.

मग राव दाराशी बसलेल्या शहराच्या वकिलाकडे धावले आणि पुसते जाहले की दिलेले अनुमोदन परत घेता येते काय. वकिलाने पुस्तक चाळून निवाडा दिला की आता ठराव सभेचा, तो माघारी नेता येणार नाही. परंतु अनुमोदन देणाराने बाजूने बोलावे ऐसे बंधन नाही, मत कोणतेही द्यावे, उपसूचनाही मांडावी. हे ऐकता रावांच्या मुद्रेवर जरा रक्त आले.

सभा पुन्हा बैसली. रिक हाशहुश्श करत खुर्चीत पडला. आता मेयर आणि रिक एकीकडे, ब्रायन त्यांजकडे झुकलेला, आणि डॉरिसबाईंचे कोणास कळेना. मेयरनी मोठ्या प्रेमाने प्रथम बोलण्याचा मान रावांस दिला, तीन मिनिटे.

राव उठले. त्यांनी मेयर यांची स्तुती आरंभिली. धन्याने धनीपण करावे हे रास्त. परंतु रयतेस धनी कोठे सापडावा? आजवर बर्फ तुंबला की रयत मार्लीनबाईंस फोन करी, पहाटे पाचासही करी. उद्या कारभार मेयरचा, तर फोनही मेयरचा. तरी उपसूचना ऐसी की मत घेण्यापूर्वी, आज, या बर्फात, मेयरसाहेबांचा खासगी मोबाइल नंबर केबलवर दाखवावा आणि सर्व तक्रारी तेथे जाव्यात. रयतेने नव्या राज्याचा नमुना पाहावा, आणि मग मत व्हावे.

बोलून राव थांबले. उपसूचनेसही अनुमोदन लागते.

कोणी बोलेना. ब्रायन, बापडा, आता रावांच्या कोणत्या बाजूस जावे हे न समजून छताकडे पाहत राहिला. राव उभे, सदऱ्यावर कॉफीचा डाग, आणि तीच जुनी शांतता त्यांच्या भोवती साचू लागली, जैसी वडाभाताच्या दिवशी साचली होती. एक पळ. दोन.

"सेकंड."

सर्वांनी वळून पाहिले. डॉरिसबाईंनी सुया पिशवीत ठेविल्या होत्या.

"सहा वर्षांमागे मी बसस्टॉपवर एक बाक मागितला होता," त्या म्हणाल्या. "तिघे गप्प बसले. हा नवा होता, मला ओळखतही नव्हता. त्या बाकावर मी रोज बसते."

आणि पुन्हा सुया काढल्या. दफ्तरात पाहता, त्या बाकानंतर बाईंचे सभेतील हे पहिलेच बोलणे.

उपसूचना पाच मतांनी मंजूर जाहली. मेयर यांनी स्वतः हात वर केला, कारण आपला नंबर टीव्हीवर झळकणे हे गादीस शोभेल ऐसे त्यांस वाटले. नंबर झळकला. अर्धे मिनिट गेले असेल नसेल, मेयरच्या खिशात वाजले.

पहिला फोन, प्लाऊने आमची टपालाची पेटी गाडून टाकिली. दुसरा, कचऱ्याच्या डब्यात रॅकून शिरला आहे, तो बाहेर येईना आणि आम्हांस आत जाववेना. तिसरा, शेजारी आपला बर्फ आमच्या दारी लोटतो, त्यास मेयरनी येऊन समज द्यावी, आत्ता. मेयर प्रत्येकास म्हणत की पाहतो, पाहतो, आणि कपाळ पुसत. सुवर्णाबाईंनीही एक फोन केला, तक्रार नव्हती, नंबर चालतो की नाही हे पाहण्याकरिता. सातवा फोन येताच मेयर उठून उभे राहिले, कारण तो त्यांच्या सासूबाईंचा. ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा तट उभा, औषधाच्या दुकानी जाणे आहे, आणि सारे राज्य तुझ्या हाती आले ऐसे टीव्हीवर ऐकते, तर मग वाट कसली पाहतोस.

मेयर यांनी चहूकडे पाहिले. रिक पाठीत वाकून बुटाची नाडी बांधू लागला. मग व्हिटेकर गादीवरून उतरले, भिंतीशी चालत गेले, आणि सर्व दरबारादेखत तो फोन दोन्ही हातांनी मार्लीनबाईंपुढे धरिला. बाईंनी प्रश्न एकच केला, पत्ता कोणता. मग आपल्या फोनवर दोन शब्द बोलल्या आणि सासूबाईंस सांगितले की दहा मिनिटे. नवव्या मिनिटास सासूबाईंचा निरोप आला की मार्ग मोकळा, त्या बाईस थँक्यू सांग.

तदनंतर मतास टाकिले. ठरावाच्या बाजूने शून्य, विरुद्ध पाच. मांडणारा विरुद्ध, अनुमोदन देणारा विरुद्ध. ब्रायनने रावांचा हात पाहूनच आपला वर केला आणि रिकने मेयरचा. मार्लीनबाईंनी निकाल नोंदला आणि वहीचे पान उलटले. अक्षर किंचित हलले आहे, पाहणारांनी पाहावे.

येणेप्रमाणे फत्ते जाहली आणि टॅमरॅकचा कारभार होता तैसा बहाल राहिला. परंतु सभा अद्याप उठली नव्हती. मेयर हातोडा उचलते जाहले, पुन्हा ठेविते जाहले, आणि खालच्या स्वरात म्हणाले की अर्ज तीन प्रतींत, नकाशासह, आणिला आहे. चौकात घड्याळ व्हावे ऐसी सूचना मांडतो.

कोणी बोलेना.

गुरुनाथरावांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. पलीकडे सुवर्णाबाईसाहेब बसल्या आहेत हे ते जाणून होते. त्यांनी उजवा हात मांडीखाली घट्ट दाबून ठेविला.

डावा वर गेला.

घड्याळ आज चौकात उभे आहे. बर्फाच्या दिवसांत सात मिनिटे मागे चालते; त्याविषयी ज्यास काही म्हणणे असेल त्याने मार्लीनबाईंस फोन करावा. लिहिले ते सुवर्णाबाईसाहेबांस वाचून दाखविले, त्यांनी चूक वगळली नाही ऐसी खात्री करून घेतली, आणि शिक्का केला.