पावसाचा दुरुस्त पत्ता

हिंमतरावांनी एकदा ठरवलं की ठरवलं, असं सुलतानपुरात फक्त हिंमतराव म्हणत. ते गावचे माजी पोलीस पाटील. यंदा मे महिन्यात त्यांनी ठरवलं, की शेजारच्या निवृत्तीला पत्त्यांत हरवल्याशिवाय गावाबाहेर जाऊ द्यायचं नाही.

"हरवूनच पाठवतो त्याले," ते बायकोला म्हणाले. "तो पुण्याले जाईन तं पडेल तोंड घेऊन जाईन."

सोजराबाई कुरडयांचा चीक हाटत होत्या. "लग्न झालं तवापासून पडेल तोंड तं मी तुमचंच पाह्यते," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. दोघांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, एक, तंबाखूची पिशवी एक आणि पत्त्यांचा जोडही एकच. पण मिसरूड फुटल्यापासून आजपर्यंत जिंकायचा तो निवृत्ती. हिंमतराव एकदाच जिंकले, तेव्हा निवृत्तीला हिवताप होता, आणि तो डाव निवृत्ती आजही मोजत नाही.

आता निवृत्ती कायमचा चालला होता. शेत बटईनं दिलं होतं. बायको गोजरबाई नातू सांभाळायला आधीच पुण्याला, पोराकडे, गेली होती. निवृत्ती मात्र आधी तूर विकू द्या म्हणाला, मग आंबे उतरू द्या म्हणाला. आता आंबेही उतरले आणि निमित्तं संपली. माणूस जाणार याचं हिंमतरावांना दुःख होतं. पण दुःख कसं करतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला हरवायचं ठरवलं.

त्यासाठी त्यांना नवा खेळ सापडला. त्यांच्या सुनेनं, समीक्षानं, लेकीच्या सुट्टीसाठी पुण्याच्या एका कंपनीकडून पत्त्यांचा डबा मागवला होता. लेक जळगाव जामोदला मामाकडे गेली आणि डबा तसाच राहिला. खेळाचं नाव 'पेरणी'. काढणाऱ्यांनी बैल लांबून पाहिला असावा, असं चित्रांवरून वाटत होतं. समोर पिकाचे पत्ते पेरायचे आणि मग एकमेकांवर रोही म्हणजे नीलगाय, टोळधाड, पाऊस असले पत्ते टाकायचे. शेवटी ज्याचं पीक जास्त, तो जिंकला.

"हा खेळ निवृत्तीनं बापजन्मी पाह्यला नाही," हिंमतराव म्हणाले, आणि नियमांचा कागद त्यांनी देवाच्या पोथीसारखा रोज वाचला.

सोमवारी दुपारी बैठकीतल्या दिवाणावर डाव मांडला. हिंमतरावांपुढे कापूस, तूर, सोयाबीन असं पीक उभं राहिलं; तेवढं त्यांच्या खऱ्या शेतानं कधी दिलं नव्हतं. निवृत्तीपुढे थोडी ज्वारी होती. हातात एकच पत्ता उरला होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

चित्र पावसाचं. खाली छापलेलं: 'समोरच्याचे सर्व पीक नष्ट.'

"झालं," निवृत्ती म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

"झालं काय? पावसानं पीक जाते काय?"

"नाही जात? मांगच्या दिवाळीच्या तोंडावर माह्यं सोयाबीन काय टोळानं नेलं?"

त्याच पावसात हिंमतरावांचंही गेलं होतं. पण खेळात ते हे मान्य करणार नव्हते. समीक्षानं डब्यातला टोळधाडीचा पत्ता काढून पाहिला. त्यावर छापलं होतं: 'समोरच्याचे पीक दुप्पट.'

"मामाजी, मजकूर अदलाबदल झाला," ती म्हणाली, आणि तिनं कंपनीला फोन लावला. तिकडे डिंपल नावाची मुलगी होती. तिनं माफी मागितली. छपाईत चूक झाली आहे, दुरुस्त पत्ते पाठवतो, तोवर तो सेट वापरू नका, आहे तसा ठेवा, असं ती म्हणाली.

इथं घोटाळा झाला. डिंपलचं म्हणणं होतं डब्यात ठेवा. पण पोलीस पाटलाच्या आयुष्यात 'आहे तसा ठेवा' याचा अर्थ एकच. विहिरीत काही सापडलं, झाडाला काही दिसलं, की फौजदार येईपर्यंत आहे तसं ठेवायचं, कोणाला हात लावू द्यायचा नाही आणि पंचनामा करायचा. हिंमतरावांनी चुना आणला आणि प्रत्येक पत्त्याभोवती पांढरी रेघ मारली. विरजण मागायला आलेल्या कलाबाईला पंच म्हणून बसवलं आणि तिचा अंगठा घेतला. मग सगळ्यावर पांढरं धोतर पांघरलं.

"पंखा बंद करा," ते म्हणाले. "पत्ते उडतीन."

"आवो, मे महिना हाये," सोजराबाई म्हणाल्या.

"कूलरबी बंद."

निवृत्तीनं मान हलवली. डाव अर्धा टाकून गाव सोडता येत नाही, हे त्यालाही मान्य होतं. त्याच्या वाडवडिलांपैकी कोणी तसं म्हटलं नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून म्हटलं असावं असं वाटलं. पुण्याला जायचं त्याचं तिकीट होतं, ते पुढं ढकलायचं ठरलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. लोणार तालुक्यातला मे म्हणजे कावळासुद्धा सावली सोडून ओरडत नाही. त्या बैठकीत दोघं म्हातारे धोतराच्या दोन बाजूंना घाम पुसत बसून राहायचे, पापड भाजायला ठेवल्यासारखे. समीक्षा रोज मोबाईलवर पाहून सांगायची, पार्सल निघालं, पार्सल नगरला आहे, पार्सल परत पुण्याला गेलं. परत गेलं म्हटलं की हिंमतरावांना बरं वाटायचं. असं का वाटतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

गावात मात्र कलाबाई फिरत होती. "पाटलाच्या घरी पंचनामा झाला," ती सांगायची. "माहा अंगठा हाये त्याच्यावर." कशाचा, ते तिलाही नीट कळलं नव्हतं.

निवृत्ती तिकीट पुढं ढकलायला लोणारला गेला, त्याच सकाळी किराणावाला कुलदीप हिंमतरावांच्या दारात आला. आत पंखा बंद. दिवाणावर काहीतरी पांढऱ्या धोतराखाली. कडेनं चुन्याची रेघ. बाजूला हिंमतराव एकटेच, तोंड उतरलेलं. शेजारी निवृत्तीच्या दाराला कुलूप. कुलदीपनं चप्पल बाहेर काढली.

"कधी झालं, पाटील?"

"सोमवारी."

"एकाएकी?"

"एकाएकीच. चांगला खेळता खेळता."

"पुण्याले कळवलं?"

"त्याच दिवशी कळवलं. ते म्हणतात पाठवतो, पाठवतो. कोणाले कायची घाई नाही."

"मंग इतके दिवस असंच?"

"वरून आल्याबिगर हात लावता येत नाही बावा. तसा कायदा हाये."

कुलदीप उठला. बाहेर जाऊन त्यानं आधी नाकाला रुमाल लावला आणि मग पुण्याला, निवृत्तीच्या पोराला, गणेशला, फोन केला. गणेशनं बापाला फोन लावून पाहिला, तर मोबाईल कुलूपबंद घरात चार्जिंगला लावलेला, नुसताच वाजत राहिला.

दुपारी निवृत्ती एस.टी.तून उतरला, तेव्हा त्याच्या अंगणात बांबू येऊन पडले होते आणि गर्दी जमली होती. तो मागं उभा राहिला.

"कोण गेलं?" त्यानं पुढच्याला हळूच विचारलं.

"निवृत्ती," तो माणूस मागं न वळता म्हणाला.

"अरारा." निवृत्तीनं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "कोणता निवृत्ती?"

पुढचा माणूस वळला आणि बांबूंवर बसला.

तोवर गणेशची गाडी जालन्याच्या पुढं आली होती. ती संध्याकाळी आली. गोजरबाईंचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. समोर नवरा चहा पीत बसलेला पाहून त्या आधी रडल्या आणि नंतर त्याला जे बोलल्या, ते अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं.

"सारी वाट बांगड्यायकडं पाहत आले मी," त्या शेवटी म्हणाल्या. "अन् तुमी इथं पत्ते राखून राह्यले."

गणेशला आत नेऊन हिंमतरावांनी दिवाण दाखवला. धोतर उचलून पंचनामाही समजावला. गणेश बराच वेळ चुन्याच्या रेघांकडे बघत राहिला.

"काका," तो म्हणाला, "या डावापाई माह्यी माय मरता मरता वाचली. आता बाबाले एक दिवस एकटं ठेवत नाही. बाबा, बसा गाडीत."

"अरे, डाव व्हायचा हाये."

"बसा म्हणतो ना."

म्हणजे निवृत्ती जाऊ नये म्हणून जो डाव जपला, त्या डावानंच त्याला उचलून नेलं. हिंमतरावांना हे कळलं, तेव्हा गाडी सुरू झाली होती. निवृत्तीनं काच खाली केली.

"मोडू नको बे."

"मोडत नाही."

"पत्ते आले की फोन करजो."

हिंमतरावांनी मान हलवली. गाडी गेली. मागं बांबू उरले. ते परत कोणाला द्यायचे, यावर लोक थोडा वेळ बोलले, मग जेवायला गेले.

पत्ते आठवड्याभरात आले. हिंमतरावांनी पोस्टमनच्या कागदावर सही केली, सहीखाली सवयीनं 'माजी पोलीस पाटील' असं लिहिलं आणि पाकीट फोडलं. आता सगळं नीट छापलेलं होतं. टोळधाडीनं पीक नष्ट. पावसानं समोरच्याचं पीक दुप्पट. म्हणजे निवृत्तीनं स्वतःच्या हातानं हिंमतरावांचं पीक दुप्पट केलं होतं. हिंमतराव जिंकले होते. हिवताप नसताना.

ते दिवाणाशेजारी बसले. आनंद कुठून येतो याची त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग फोन वाजला.

"आले काय पत्ते?" निवृत्तीनं विचारलं.

"नाही," हिंमतराव म्हणाले.

सोजराबाई दारात उभ्या होत्या. "आवो, मंग हातात काय हाये?"

"हे आलेच नाहीत."

"आले नाही म्हणजे? मले दिसून राह्यले."

"सोजरे, तुले काय समजते?"

सोजराबाईंना समजलं होतं, म्हणून त्या पदरानं वारा घेत निघून गेल्या. डाव संपला म्हणून सांगितलं, तर उद्या निवृत्ती फोन कशाला करेल? पुण्यात बसून सुलतानपूरच्या माणसाशी दुसरं काय बोलायचं? पाऊसपाणी कसं काय? ते तर टीव्हीवर सांगतात.

त्यामुळं रोज संध्याकाळी फोन यायचा. आले काय? नाही आले. असे कसे लोक. असेच. बरं, ठेवतो. एवढंच बोलणं. पण हिंमतराव फोनच्या आधी अर्धा तास हातपाय धुऊन बसायचे.

एक दिवस फोन आला तो वेगळाच.

"आले काय?"

"नाही."

तिकडून चुन्याची डबी बंद केल्याचा आवाज आला. मग निवृत्ती म्हणाला, "आज मी कंपनीत गेल्तो. म्हटलं, भांडाले जावं. घरी बसून तरी काय करता. डिंपल म्हणे, काका, पत्ते कवाचे पोचले. तिनं सही दाखवली."

हिंमतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खाली पोलीस पाटील लिव्हेल होतं."

"माजी," हिंमतराव म्हणाले.

"तू जिंकला म्हणे बे."

"हं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

हिंमतरावांनी भिंतीकडे पाहिलं. "पत्त्यात चूक हाये," ते म्हणाले.

"आता कोणती?"

"पावसानं पीक दुप्पट झालेलं तू पाह्यलं काय कधी?"

निवृत्तीनं खरंच विचार केला. "नाही बे."

"मंग."

"म्याबी तेच म्हटलं तिले. ती म्हणे, मग काका, तुमच्याकडं पावसानं नेमकं काय होते? म्या सांगतलं. तिनं लिहून घेतलं. चांगली पोरगी हाये. मले खुर्ची देल्ली, चहा देल्ला. म्हणे, अजून काही चुकलं असन तं येत जा."

"अन् जातो काय?"

"रोज जातो. रोह्याच्या पत्त्यात हरणाचं चित्र हाये."

त्यानंतर काही दिवसांनी पुण्याहून एक पातळ पाकीट आलं. आत एकच पत्ता होता. चित्र तेच, पावसाचं. खालचा छापील मजकूर पेनानं खोडून नवा लिहिला होता, आणि शेजारी कंपनीचा गोल शिक्का. शिक्का पाहिल्यावर हिंमतराव ताठ बसले. समीक्षानं वाचून दाखवलं: 'पाऊस. काय होईल ते सांगता येत नाही. वाट पाहा.'

"मामाजी, मग जिंकलं कोण?" तिनं विचारलं.

हिंमतरावांनी पत्ता हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "आता बरोबर लिव्हलं," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला.

"पत्ता आला."

"काय म्हणते?"

"वाट पाहा म्हणते."

"मंग पाह्य ना बे," निवृत्ती म्हणाला. "उद्या फोन करतो."