ब्रदर वर्लिनचा खिसा

"अगं नेल्डा, या खिशात माझा साधा रुमाल धड राहत नाही, आणि तू म्हणतेस पंचवीसचं पिस्तुल राहील!"

चर्चमध्ये सगळे माना खाली घालून प्रार्थना करत होते आणि ट्वायला माझ्या कानाशी कुरकुरत होती. "रविवारचा एकच चांगला झगा माझा. उजवीकडे कसा लोंबतोय बघ. कडेवर मांजर घेतल्यासारखा."

"डोळे मीट," मी म्हटलं. "उद्या दुकानात घेऊन ये. आतून जाड कापड लावून देते."

"आमेन," ट्वायला म्हणाली. नेमकं तेव्हाच सगळे तेच म्हणाले, म्हणून ते शोभून गेलं.

माणसाची सुरक्षितता शेवटी शिवणकामावर अवलंबून असते. हे सत्य थोरांच्या ग्रंथांत सापडत नाही, कारण थोरांच्या खिशात काही नसतं. ओक्लाहोमाच्या ज्या कोपऱ्यात आमचं प्लम फोर्क गाव आहे, तिथे मात्र हे सत्य सर्वांना मान्य आहे. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान त्यावरच चालतं. लोक विजारीची लांबी कमी करायला येतात आणि जाता जाता, जणू आत्ताच आठवलं असं दाखवून, म्हणतात, "आणि हो, उजवा खिसा जरा मजबूत कर."

प्लम फोर्क लघुपिस्तुल संग्राहक व वाहक मंडळ दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी चर्चच्या भोजनगृहात जमतं. बिस्किटं, सॉसेजची ग्रेव्ही आणि कॉफी असते. संग्राहक आणि वाहक यांत घोटाळा करू नये. मखमलीच्या कप्प्यात ठेवतो तो संग्राहक, खिशात ठेवतो तो वाहक, आणि आज कुठलं घरी ठेवावं हे ज्याला ठरवता येत नाही तो अध्यक्ष. ड्वाइट प्रुइट हे आमचे अध्यक्ष. त्यांच्या जाकिटाचे चारही खिसे मीच शिवले आहेत.

मोठं पिस्तुल बाळगण्यात काही कौशल्य नाही. ते आंधळ्यालाही दिसतं. खरी कला लहानाची. साबणाच्या वडीएवढं, तळहातात झाकलं जाईल असं, शिंपल्याच्या मुठीचं, बायकांच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी नांदणारं. अडतीस, बत्तीस, पंचवीस, बावीस असे त्यांचे आकडे. आकडा जेवढा लहान, तेवढं नळीचं तोंड बारीक आणि गोळी चिमुकली. एवढ्याशा गोळीने माणूस थांबेल का, असा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. मंडळाचं अधिकृत मत असं, की थांबेल, जर तो आधीपासूनच थांबण्याच्या विचारात असेल.

मंडळाचं कार्य आकड्यांत बोलतं. स्थापनेपासून प्लम फोर्कमध्ये एकही दरोडा पडलेला नाही. (त्याआधीही पडला नव्हता, पण तेव्हा तो निव्वळ योगायोग होता.) याच काळात सदस्यांच्या हातून उडालेल्या गोळ्यांची वर्गवारी पुढीलप्रमाणे: शीतकपाट एक, टपालपेटी एक, स्वतःच्या पायाचा अंगठा एक (सदस्य अजून मंडळात आहेत, अंगठा नाही) आणि भिंतीवरचं भुसा भरलेलं बदक एक. बदक आधीच मेलेलं असल्यामुळे ते हिशेबात धरू नये, असं एकमताने ठरलं. दरोडेखोर निरंक. 'गोळी सुटली' असं आमच्यात कोणी म्हणत नाही, 'आवाज झाला' म्हणतात. आवाज काय, दाराचाही होतो.

शिष्टाचार कडक आहे. दुसऱ्याच्या खिशात काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक असावं आणि कोणालाही दिसू नये. एखाद्याचं भर प्रार्थनेत फरशीवर पडलंच, तर जवळच्याने छताच्या पंख्याकडे बघावं आणि पंख्याविषयी काहीतरी बरं बोलावं. आमच्या चर्चच्या पंख्याची जेवढी स्तुती झाली आहे, तेवढी पाद्रीबुवांचीही झालेली नाही.

हे सगळं आम्हाला शिकवलं ब्रदर वर्लिन टॅकेट यांनी. (आमच्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणतात.) मंडळाचे संस्थापक. जन्मभर त्यांनी खेड्यापाड्यांतून टपाल वाटलं. बर्फाचं वादळ असलं की पत्रांबरोबर लोकांची औषधं आणि सूपही पोचवलं, आणि या गोष्टीचा उल्लेख झाला की अजून लाजतात. ड्वाइटला पिस्तुल हाताळायला त्यांनी शिकवलं, ट्वायलाला शिकवलं, मलाही. "आधी मॅगझिन काढ," ते म्हणायचे, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी. "मग वरचा भाग मागे ओढ, म्हणजे नळीत बसलेली गोळी बाहेर पडते. मग आत बोट घालून बघ. डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस बये, डोळे आळशी असतात."

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास ब्रदर वर्लिन पिस्तुल पावाच्या डब्यात ठेवून आणि पाव खिशात घालून चर्चला आले. पाव चांगला ताजा होता, खिशातून डोकावत होता. आम्ही सगळे पंख्याकडे बघत होतो.

मग हिवाळ्यात त्यांच्या घरी आवाज झाला. ब्रदर वर्लिन पिस्तुल पुसायला बसले होते. सगळ्या पायऱ्या त्यांनी बिनचूक केल्या, फक्त क्रम उलटा. आधी वरचा भाग मागे ओढला, आतली गोळी बाहेर पडली, बोट घालून बघितलं, आणि हात सोडला. त्याबरोबर मॅगझिनमधली पुढची गोळी निमूटपणे नळीत जाऊन बसली. मग त्यांनी समाधानाने मॅगझिन काढलं आणि चाप ओढून पाहिला. बायकोच्या, म्हणजे सिस्टर मॉरीनच्या, खुर्चीचा हात गेला. मॉरीन तेव्हा ओव्हनमध्ये शिजत असलेलं कॅसरोल बघायला उठली होती. कॅसरोल उत्तम झालं होतं, असं मंडळाच्या इतिवृत्तात नमूद आहे.

कार्यकारिणीने विषय अत्यंत गांभीर्याने घेतला. पिस्तुल काढून घ्यावं, हा एक मार्ग होता. परंतु तो सुचवायला कोणीच तयार नसल्यामुळे तो नव्हताच. मग ड्वाइटने गणित मांडलं. गोळी जितकी लहान, तितकी चूक लहान. यावरून ब्रदर वर्लिन यांना अडतीसवरून बत्तीसवर आणण्यात आलं. त्याला 'ज्येष्ठ सदस्य सन्मान योजना' असं नाव दिलं, टाळ्या वाजल्या, आणि अडतीस ड्वाइटने प्रेमाने स्वतःच्या मखमलीत ठेवलं.

सन्मानाच्या त्या सकाळी मॉरीन नाश्त्याला ग्रेव्ही वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "काल यानं मला विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

"आमचा तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनच विचारत होता," ट्वायला म्हणाली. सगळे हसले.

"तसं नव्हे गं. हात खिशात घालून विचारलं."

"सवय असते ती, सिस्टर मॉरीन," ड्वाइट म्हणाला. "मी पाद्रीबुवांशीही हात खिशात घालूनच बोलतो."

पुन्हा हसले. मॉरीनही हसली. तिच्या हातात ग्रेव्हीचं गरम भांडं होतं, आणि असं भांडं हातात असलं की माणसाला हसण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही.

त्यानंतर टॅकेटांच्या घरातून देवाची गाणी ऐकू यायला लागली. मॉरीन कुठल्याही खोलीत शिरण्याआधी मोठ्याने गाते. न्हाणीघरातून बाहेर येताना गाते, वाळत घातलेले कपडे घेऊन मागच्या दाराने येताना तर दोन कडवी गाते. आवाज लांबून आला की वर्लिन दचकत नाहीत. तिचा आवाज पूर्वी गोड होता. आता बसला आहे. मंडळाने टॅकेट दांपत्याच्या घरातल्या भक्तिमय वातावरणाबद्दल अभिनंदनाचा ठराव केला. ठराव मांडला ट्वायलाने, अनुमोदन माझं.

वसंतात ब्रदर वर्लिन पंचवीसवर आले. त्याच आठवड्यात ड्वाइट माझ्या दुकानात शिरला आणि दार लावून घेतलं.

"नेल्डा, त्यांच्या खिशाचं काहीतरी कर. पण त्यांना कळू नये."

"म्हणजे शिवूनच टाकू का?"

"छे छे! तो अपमान होईल. बंद करायचा नाही. उघडणार नाही एवढं बघ."

मी खिशाला झाकण लावलं. झाकणाला बटण, मग दुसरं, आणि त्याच्या आत अडकणारी चेन. ब्रदर वर्लिन आता संपूर्ण सशस्त्र होते. फक्त शस्त्र बाहेर काढायला दोन माणसं लागत. ड्वाइटला हे इतकं आवडलं, की ही पद्धत जिल्ह्यातल्या इतर मंडळांना कळवावी असं त्याच्या मनात होतं.

मॉरीनने महिन्याभराने मला सांगितलं, "तू लावलेली बटणं फार छान आहेत. सकाळी उठला की पहिलं काम तेच. सगळी सोडून ठेवतो आणि खुर्चीत दाराकडे तोंड करून बसतो. ऐन वेळी घाई नको म्हणून. त्याला बिचाऱ्याला उद्योग मिळाला."

"मग घट्ट करू का अजून?" मी विचारलं.

तिने पर्स उचलली. मग म्हणाली, "कर."

ब्रदर वर्लिन मापासाठी आले तेव्हा मॉरीन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. ते आरशासमोर हात वर करून उभे राहिले, टपाल वाटायला निघाल्यासारखे ताठ.

"खिसा उजवीकडेच ठेव हं," ते म्हणाले. "चर्चमध्ये मॉरीन माझ्या डावीकडे बसते. तिला टोचायला नको."

"बरं."

मग ते वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ती दाराशी बसलीय, ती कोण गं? आमच्या घरीही येते. सकाळी स्वयंपाकघरात भांडी वाजवत असते. मॉरीनला अजून सांगितलं नाही मी, उगाच घाबरेल. आणि मीही अजून काही केलेलं नाही."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. (टाचण्या नंतर काढून ठेवल्या. तरीही बोलले नाही.)

वाचक विचारतील, गावात एवढी शहाणी माणसं असून सगळी गप्प कशी? प्रश्न रास्त आहे. तुमच्याकडे गाडीची किल्ली कोणत्या विसराळू म्हाताऱ्याच्या खिशात आहे आणि ती मागायला कोण जाणार आहे, एवढं आधी घरच्या घरी ठरवून घ्या, मग आमच्या मंडळाकडे लेखी विचारणा करा. योग्य त्या खात्याकडे ती पाठवली जाईल.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मंडळाचा वार्षिक नाश्ता झाला. त्यात ब्रदर वर्लिन यांना शेवटच्या पायरीवर, म्हणजे बावीसवर, नेण्यात येणार होतं. याच्याखाली कारखान्यांत काही बनत नाही. ड्वाइटने स्वतःच्या संग्रहातलं बोटभर लांबीचं पिस्तुल काढून दिलं. देताना त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. पिस्तुलाची मूठ नवीन बसवायची होती, त्यासाठी रंगीत तुकडे टेबलावर मांडून ठेवले होते: हस्तिदंती, हिरवा, चेरीचा लाल.

"आज आपण असं म्हणू शकतो," ड्वाइट भाषणात म्हणाला, "की ब्रदर वर्लिन यांच्या बाबतीत धोका जवळजवळ नाहीसा करण्यात मंडळ यशस्वी झालं आहे."

टाळ्या झाल्या. ब्रदर वर्लिन यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टाळ्या कशाच्या ते त्यांना नीटसं कळलं नसावं, पण लोक आनंदात आहेत म्हणून तेही आनंदात होते. त्यांनी ते पिस्तुल तळहातावर घेतलं. आता रिवाजाप्रमाणे ते तपासून दाखवायचं होतं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, आणि थांबले.

"आधी..." ते म्हणाले.

भोजनगृहात काटेचमचे वाजायचे थांबले.

"आधी..." ते पुन्हा म्हणाले आणि आमच्याकडे बघून हसले. एखादं पत्र योग्य दारात टाकलं की नाही, असं विचारल्यासारखं.

"मॅगझिन, ब्रदर वर्लिन," ड्वाइट हळूच म्हणाला. "आधी मॅगझिन."

"शाब्बास," वर्लिन म्हणाले. "लक्षात ठेवलंस."

ड्वाइटने ते त्यांच्या हातातून घेऊन स्वतः तपासलं, पुसलं, आणि परत त्यांच्या हातात दिलं. (परत दिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.) मग घसा साफ करून तो मॉरीनकडे वळला. "आता सिस्टर मॉरीनने दोन शब्द बोलावेत आणि मुठीचा रंगही निवडावा. शेवटी घरात रोज बघायचं तिलाच आहे."

मॉरीन उठली. या वेळी तिच्या हातात कसलंही भांडं नव्हतं.

"काल सकाळी यानं मला माझ्याच स्वयंपाकघरातून हाकललं," ती म्हणाली. "मी झोपेच्या कपड्यांत ट्वायलाकडे गेले आणि तिच्याकडची अंडी खाल्ली."

"आणि बेकनही!" ट्वायला ओरडली. "निम्मं संपवलं हिनं!"

भोजनगृह हसून कोसळलं. ट्वायलाने सांगितलंच तसं होतं. तुम्हालाही हसू आलं असेल तर लाजू नका, आम्ही पोट धरून हसलो. ब्रदर वर्लिनही हसले, पिस्तुल मुठीत धरून.

मॉरीन शेवटच्या माणसाचं हसू थांबेपर्यंत उभी राहिली. रंगांच्या तुकड्यांकडे तिने पाहिलंही नाही.

"हा ज्या चोराची वाट बघत बसतो ना," ती म्हणाली, "तो चोर मी आहे. गोळी हा मलाच घालणार आहे. तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि हिवाळ्यापासून तुम्ही फक्त ती केवढी असावी हे ठरवताय."